वारस नोंदीसाठी पैसे मागितले तर कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील वारले. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागावीत म्हणून तुम्ही तलाठी कार्यालयात अर्ज दिला, त्याला दोन महिने झाले, नोंद झाली नाही. कार्यालयात बसणारा एक खासगी माणूस 'साहेबांचे आठ हजार' म्हणतो. देऊन मोकळं व्हावं का? तक्रार केली तर पुढची कामं अडतील का? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, असा एकेक माणूस पकडून लोकांचा सरकारवरचा विश्वास परत येतो का?

तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एक साधं वाक्य: 'अर्ज हातात दिला, पोच घेतली नाही.' आठ हजारांची वाट तिथेच मोकळी झाली. ज्या अर्जाला क्रमांक नाही आणि तारीख नाही, तो कागदोपत्री आलेलाच नसतो. मग त्याला उशीर झाला हेही कोणी म्हणू शकत नाही. तो पुढे सरकवणं ही साहेबांची मेहेरबानी होते आणि मेहेरबानीचा भाव ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच लगेच द्यायची असते. पोच हा तुमचा हक्क आहे. ती मागण्यात संकोचण्यासारखं काही नाही.

म्हणून आजच एक काम करा. तोच अर्ज पुन्हा द्या, पण या वेळी त्याचा माग राहील अशा रीतीने. महसूल विभागाच्या 'ई-हक्क' प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या करता येतो आणि अर्ज क्रमांक मिळतो. ते जमत नसेल तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि तहसीलदारांना प्रत द्या. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र जोडा. अर्जाच्या शेवटी एक ओळ लिहा: 'अर्जात काही त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात.' ही ओळ फार उपयोगाची आहे. काम लांबवायची नेहमीची रीत म्हणजे एका खेपेला एकच त्रुटी काढणे: आज दाखल्यावर शिक्का नाही, पुढच्या आठवड्यात आधारवरचं नाव जुळत नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर.

इथे एक नाजूक प्रश्न विचारतो, राग मानू नका. वारसांच्या यादीत सगळ्यांची नावं आहेत ना? बहिणींची, आईची? आपल्याकडे अशा बऱ्याच प्रकरणांत गुंता इथेच असतो. भावांना वाटतं बहिणीला हुंडापाणी झालं, आता तिचं नाव कशाला. तलाठी कार्यालयातला माणूस नेमकं ते हेरतो आणि म्हणतो, 'करून देतो, पण बघावं लागेल.' हे तुमचं हक्काचं काम अडवणं राहत नाही, बेकायदा काम करून घेणं होतं, आणि पुढे सांगितलेलं कायद्याचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही. वारस म्हणून सगळ्यांची नावं लावा. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिने स्वतःच्या मर्जीने नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. यापुढचं सगळं तुमचा अर्ज पूर्ण आणि खरा आहे असं धरून लिहितोय.

दोन महिन्यांत काय व्हायला हवं होतं? वर्दी आली की वारसांची माहिती गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत जाते. मंडळ अधिकारी स्थानिक चौकशी करून वारस कोण ते ठरवतात. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरला जातो, त्याला क्रमांक पडतो. नोटीस चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना बजावली जाते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि तिथून सुनावणी सुरू होते. तुमचा फेरफार धरला गेलाय का, नोटीस निघालीय का, हे 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. कोणाला विचारायच्या आधी ते बघा. कित्येकदा फेरफार मंजूर झालेला असतो आणि खाली माणूस अजून पैसे मागत असतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि ते कोणत्या क्रमाने घ्यायचे यावर बरंच ठरतं. एक रस्ता दिरंगाईचा: कोणी काही मागितलेलं नाही, नुसती टाळाटाळ आहे. तिथे अर्ज, स्मरणपत्र, अपील, माहिती अधिकार असा उघड पाठपुरावा चालतो. दुसरा रस्ता मागणीचा: कोणीतरी स्पष्ट शब्दांत पैसे मागितलेत. तिथे सगळ्यात आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (एसीबी), आणि तोपर्यंत बाकी सगळं गप्प. लोक नेमकं उलट करतात. संतापून आधी तहसीलदारांना लेखी तक्रार देतात, गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, माहिती अधिकाराचा अर्ज ठोकतात आणि काहीच हललं नाही की एसीबीकडे जातात. तोवर समोरचा सावध झालेला असतो. पैशाचं नाव काढत नाही, 'तुमचं काम नियमाने करू' म्हणतो आणि सापळा लागायची, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडायची, शक्यता संपते. तुमच्याकडे मागणी झालीय, म्हणून तुमचा रस्ता दुसरा. वर सांगितलेला नव्याने अर्ज मात्र आधी द्या. त्यातून संशय येत नाही, आणि काम प्रलंबित असल्याचा तारखेचा पुरावा पुढे फार लागतो, कारण बचावाचा पहिला मुद्दा बहुतेक वेळा हाच असतो: 'त्या दिवशी यांचं कामच माझ्याकडे नव्हतं.'

एसीबीचा टोल-फ्री क्रमांक १०६४. प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं कार्यालय आहे, राज्यात आठ परिक्षेत्रं आहेत: मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड. फोनवर सुरुवात होते, पण सापळ्यासाठी तुम्हाला स्वतः जाऊन लेखी तक्रार द्यावी लागते. निनावी तक्रारीवर सापळा लागत नाही. तक्रार दिली की लगेच नोटा घेऊन निघत नाहीत. आधी पडताळणी होते: दोन सरकारी पंच आणि आवाज टिपणारं यंत्र घेऊन तुम्हाला संबंधिताशी बोलायला पाठवतात. मागणी खरंच होते का, किती, कोणासाठी, कोणत्या कामासाठी, हे त्या संभाषणातून यायला हवं.

या पडताळणीत तुम्ही काय बोलता यावर पुढचा खटला उभा राहतो किंवा पडतो. आकडा तुम्ही तोंडातून काढू नका. 'आठ हजार आणलेत' म्हणालात तर पैसे तुम्हीच देऊ केलेत असं पुढे म्हटलं जातं. 'माझ्या वारस नोंदीचं काय झालं, काय करावं लागेल?' एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. घासाघीस झाली तरी चालते. 'तडजोडीअंती पाच हजार' हे शब्द एसीबीच्या बातम्यांत तुम्ही वाचले असतीलच.

तुमच्या प्रकरणात मागणारा खासगी माणूस आहे, म्हणून आणखी एक गोष्ट महत्त्वाची. खासगी इसमाने लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो म्हणत पैसे घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम ७-अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे तो एकटाही अडकतो. पण नुसता तोच अडकला तर महिन्याभरात त्याच खुर्चीवर दुसरा बसतो. लोकसेवकापर्यंत पोचायचं तर त्याची संमती पडताळणीत यायला हवी. 'साहेबांशी एकदा बोलणं करून द्या, म्हणजे माझी खात्री पटेल' एवढं साधं वाक्य पुरतं. साहेबांनी फोनवर 'तो सांगतोय तसं करा' म्हटलं की दुवा जुळला. हे कसं करायचं ते एसीबीचे अधिकारी तुम्हाला समजावतात. स्वतःच्या डोक्याने वेगळं नाटक करू नका.

सापळ्याच्या दिवशी नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि नोटांना पूड लावतात. फिनॉल्फ्थॅलीन असेल तर ज्याच्या हाताला ती लागली त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात धुतल्यावर पाणी गुलाबी होतं. अँथ्रासीन असेल तर अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकते. म्हणून त्या दिवशी कोणाशी हस्तांदोलन करू नका, नोटांना उगाच हात लावू नका आणि मागितल्याशिवाय त्या बाहेर काढू नका. पंच तुमच्याबरोबर असतो. 'हा कोण?' असं विचारलं तर काय सांगायचं ते आधीच ठरवून घ्या. त्याने 'टेबलावर ठेव' किंवा 'त्याच्याकडे दे' म्हटलं तर तसंच करा, हातातच घ्या असा आग्रह धरू नका. मग ठरलेला इशारा द्यायचा. पैसे तुमचे असतात, पण सापळ्यातली रक्कम शासनाकडून परत मिळायची सोय आहे. त्याबद्दल तक्रारीच्या दिवशीच विचारून ठेवा.

समोरच्याला शंका आली आणि त्याने पैसे घेतले नाहीत तर? सगळं वाया गेलं असं समजू नका. लाच मिळवण्याचा प्रयत्न हाही कलम ७ खाली गुन्हा आहे. पडताळणी नीट झाली असेल तर नुसत्या मागणीवरही गुन्हा दाखल होतो. या कलमाची शिक्षा किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं.

'देऊन मोकळं व्हावं का?' याचं उत्तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर बदललेलं आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नाही. आता लाच देणं हाही कलम ८ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दोन अपवाद आहेत. तुमच्यावर जबरदस्ती झाली असेल आणि पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. आणि एसीबीला आधी कळवून, त्यांना मदत म्हणून पैसे दिलेत तर मुळीच नाही. तेव्हा कोणी आधीच काही रक्कम दिली असेल तर दिवस मोजा. आठव्या दिवशी तुमची बाजू कमकुवत झालेली असते.

मोबाइलवर संभाषण रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवत बसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हजर करावा लागू शकतो. फोन विकून टाकला आणि पेन ड्राइव्हवर प्रत राहिली की त्या पुराव्यावर वाद घालायला जागा मिळते.

सापळ्यानंतरचं खरं कष्टाचं आहे, आणि ते न सांगणं तुमच्यावर अन्याय होईल. अटकेनंतर पोलीस कोठडी ४८ तासांवर गेली की कर्मचारी नियमाप्रमाणे निलंबित झाल्याचं मानलं जातं. जागेवर पकडलेल्या प्रकरणात तपासासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७-अ ची पूर्वपरवानगी लागत नाही, पण खटला भरण्यासाठी कलम १९ खाली सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याला मुदत तीन महिने, जास्तीत जास्त आणखी एक. नंतर खटला, आणि त्याला वर्षं लागतात. कायदा म्हणतो दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करा. प्रयत्न हा शब्द लक्षात ठेवा. याच काळात गावातली मंडळी येतात, भावकीतला कोणीतरी येतो, 'त्याच्या पोरांचा विचार कर' म्हणतो. तक्रारदार साक्षीत फिरतो आणि आरोपी सुटतो. खटले पडायची कारणं साधारण ठरलेली आहेत: मागणी सिद्ध न होणं, पंच आणि तक्रारदार यांच्या जबाबात तफावत, मंजुरी देणारा अधिकारी सक्षम नसणं आणि तक्रारदार फितूर होणं. नोटा सापडल्या एवढ्यावर शिक्षा होत नाही, मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा सांगितलं, आणि त्याचबरोबर हेही की तक्रारदार मरण पावला किंवा उलटला तरी इतर साक्षीदार व परिस्थितिजन्य पुरावा यांवरून मागणी सिद्ध करता येते. तरीही तुम्ही ठाम असणं याला पर्याय नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर लवकर जबाब नोंदवून घ्या, असं तपास अधिकाऱ्यांना सांगा. स्वतः काय घडलं ते तारीखवार लिहून ठेवा; पाच वर्षांनी उलटतपासणीत नेमका वार आणि वेळ विचारतात.

एवढं निभावण्याची तयारी नसेल तर सापळ्याच्या वाटेला जाऊ नका. हे मी मनापासून सांगतो, आणि त्यात कमीपणा नाही. अर्धवट सोडलेला सापळा सुटलेल्या माणसाला आणखी निर्ढावतो आणि पुढच्या तक्रारदाराचं धैर्य खचवतो. त्यापेक्षा दिरंगाईचा रस्ता घट्ट धरून काम पूर्ण करून घेणं बरं. तो रस्ताही कच्चा नाही.

त्यात पहिलं हत्यार म्हणजे ज्याला लोक 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात तो: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. मात्र अर्धन्यायिक, म्हणजे सुनावणी घेऊन निकाल द्यायच्या, प्रकरणांना हे कलम लागू नाही. तुमच्या फेरफारावर कोणी हरकत घेतली असेल तर हा मुद्दा तिथे चालणार नाही. हरकत नसेल तर तहसीलदारांना एका पानाचं पत्र द्या: अर्ज क्रमांक, दिनांक, आज किती दिवस झाले, कलम १०, आणि विलंबाला जबाबदार कोण ते निश्चित करण्याची विनंती. विशेषणं नकोत, 'भ्रष्ट' हा शब्द नको, आरोप नको. तारखा पुरतात.

दुसरं हत्यार लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. हा फक्त अधिसूचित सेवांना लागू होतो. तुमची सेवा यादीत कोणत्या नावाने आहे, मुदत किती आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर त्याचाच फोटो काढून ठेवा. सेवा यादीत असेल तर मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचा निकाल ३० दिवसांत. मग दुसरं अपील, त्याचा निकाल ४५ दिवसांत. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांच्या आत. कारण नसताना सेवा लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे आणि तो त्याच्या खिशातून जातो. रक्कम लहान वाटते, पण अधिकाऱ्याला टोचतो तो आकडा नसतोच. सेवापुस्तकात काय लिहिलं जाईल याची धास्ती असते. म्हणून बरीच प्रकरणं पहिल्या अपिलाची नोटीस पोचली की हलतात.

थोडक्यात तुमच्यापुरतं: नवा अर्ज, त्याची पोच, 'आपली चावडी'वर तपासणी, मग १०६४. सापळा झाला किंवा तुम्ही तो टाळायचं ठरवलंत, की त्यानंतरच लेखी पाठपुरावा.

पुढची कामं अडतील का? काही काळ थंड वागणूक मिळू शकते, हे नाकारणार नाही. केंद्राचा जागल्यांच्या (व्हिसलब्लोअर, गैरप्रकार उघड करणारे) संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अजून अंमलात आणलेला नाही. राज्याचा साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे. धमकी आली तर त्याखाली अर्ज करता येतो. रोजच्या व्यवहारात जास्त उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. एक, तक्रारदाराचं वैध काम पूर्ण व्हावं म्हणून एसीबी संबंधित खात्याकडे पाठपुरावा करते. तशी विनंती तक्रारीतच लिहा. दोन, यापुढे त्या कार्यालयातलं एकही काम तोंडी करू नका. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरी निघतो, अर्ज ऑनलाइन जातात, पत्र पोस्टाने जातं. ज्याचा प्रत्येक कागद तारखेसह बोलतो त्याचं काम अडवण्यात समोरच्यालाच धोका जास्त असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकेक पकडून विश्वास येतो का? धाक बसतो, विश्वास त्याने येत नाही. धाकामुळे दर वाढतो आणि मध्यस्थ वाढतात, कारण साहेब स्वतः पैशाला हात लावायचं सोडतात. तुमच्या कार्यालयातला तो खासगी माणूस, ज्याला लोक 'झिरो तलाठी' म्हणतात, तो तिथे का आहे ते बघा. एकेका तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, स्वतःच्या सजेशिवाय (नेमून दिलेल्या गावांशिवाय) दुसऱ्या सजेचा अतिरिक्त कार्यभार असतो. पंचनामे, पीक पाहणी, निवडणूक, वसुली, ऑनलाइन नोंदी हे सगळं एकाच माणसावर. मग तो एक मुलगा हाताशी धरतो. त्या मुलाला सरकार पगार देत नाही. त्याचा पगार अर्जदारांकडून निघतो. आधी शंभर-दोनशे 'चहापाणी', मग दरपत्रक, मग साहेबांचा वाटा. म्हणून प्रत्येक उशीर हा लाचेसाठीच असतो असं मी म्हणणार नाही. पण जिथे उशीर कायमचा मुक्कामी आला, तिथे लाच पाठोपाठ येते. रिक्त पदं भरणं, सजांचा भार वाटून देणं आणि शासकीय लॉगिन व डिजिटल स्वाक्षरी खासगी माणसाच्या हातात दिसली की तेवढ्यावर कारवाई करणं, या तीन गोष्टी दहा सापळ्यांइतकं काम करतील.

ऑनलाइन पद्धतीचंही तसंच आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या दारात बसावं लागे. आता तो घरी निघतो, आणि त्या एका कामातली चिरीमिरी जवळजवळ नाहीशी झाली. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. मधला माणूसच उरला नाही म्हणून. पण जिथे कोणाच्या तरी निर्णयाची गरज उरली, तिथे लाच संगणकातही शिरली. 'सर्व्हर डाऊन आहे' हे नवं 'साहेब बाहेर गेलेत' झालं. त्यामुळे अर्ज ऑनलाइन घेणं पुरत नाही. प्रत्येक अर्ज किती दिवस कोणाच्या टेबलावर होता हे सगळ्यांना दिसायला हवं आणि आधी आलेलं आधी निघायला हवं.

हे तुमच्या गावापुरतं तुम्ही स्वतः करू शकता, आणि तुमची नोंद झाल्यावर ते जरूर करा. माहिती अधिकाराचा एक अर्ज जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय यांच्या नावे द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा. त्यात मागायचं एवढंच: तुमच्या सजेतल्या मागच्या १२ महिन्यांच्या वारस फेरफारांचे क्रमांक, प्रत्येकाचा अर्ज दिनांक, नोंद दिनांक, नोटीस दिनांक आणि प्रमाणन दिनांक. लोकांची नावं मागू नका. नावं मागितली की खासगी माहितीचं कारण दाखवून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, आणि तुम्हाला नावं लागतही नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्ह्यातल्या शासकीय कार्यालयांत अभिलेख पाहायला मिळावेत असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, तोही वापरा.

त्या चार तारखा एका तक्त्यात मांडल्या की चित्र आपोआप दिसतं. काही फेरफार पंचवीस दिवसांत झालेले असतील, काही सहा महिने पडून. दोन्हींत हरकत नसताना हा फरक का, एवढा एकच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या. तोच तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. कोणाचं नाव घेऊ नका, आरोप करू नका. ज्या घरचं काम सहा महिने अडलं, ती माणसं त्या सभेत बसलेली असतात. तक्ता ऐकला की त्यांना कळतं की आपल्या एकट्याचंच नशीब वाईट नव्हतं. दर तीन महिन्यांनी तोच अर्ज पुन्हा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तारखांमधलं अंतर कमी व्हायला लागलं का, ते बघा आणि मला कळवा.